पेटीतली रिकामी खाच

हरवल्याचे कळले ते सकाळी, मोठे साहेब विमान ठेवायच्या हँगरच्या दारात गाडीतून उतरत असताना.

नानांना टायरची हवा बघायची होती. त्यांनी हत्यारांची पेटी उघडली, वरचा कप्पा ओढला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"कॅप्टन," ते म्हणाले, "जरा इकडे या."

कॅप्टन म्हणजे कंपनीचे मुख्य वैमानिक. त्यांचा विभाग तसा लहान. एक जेट विमान, ते उडवणारे दोघे, त्याची देखभाल करणारे इंजिनीअर नाना, उड्डाणांची जुळवाजुळव करणाऱ्या ऑफिसातल्या ताई आणि झाडलोट, धुणेपुसणे, राखण करणारी काही माणसे. कंपनीचे मालक मोठे साहेब याच विमानातून फिरत. पण विमान उडणार की नाही, याचा शेवटचा शब्द कॅप्टनचा असे. साहेबही तिथे काही बोलत नसत.

कॅप्टननी पेटीत पाहिले. जाड काळ्या स्पंजमध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली होती. काम संपले की हत्यार आपापल्या खाचेत जायचे. एक खाच जरी रिकामी राहिली तरी लांबून दिसावी, म्हणूनच ती सोय.

एक खाच रिकामी होती.

"बुटक्या," नाना म्हणाले.

बुटक्या म्हणजे आखूड दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. अडचणीच्या जागी तोच चाले. आदल्या दिवशी नानांनी कॉकपिटची फरशी उघडून खालची एक पट्टी घट्ट केली होती, ती बुटक्यानेच. त्याच पट्टीजवळून विमान वळवण्याच्या केबल जातात. तिथे लोखंडाचा एक तुकडा सुटा राहिला आणि उतरताना केबलमध्ये अडकला, तर पुढे काय होते ते सांगायची गरज नाही. म्हणून या धंद्यात एक नियम कोणी मोडत नाही. हत्यार हरवले की विमान उभे. मग आत कोणी का बसेना.

"काल पेटी भरलेली होती," नाना म्हणाले. "मी एकेक ठेवलं. आणि दुसरी नजर तुमची होती, कॅप्टन."

दुसरी नजर ही त्या विभागाची पद्धत होती. ज्याने काम केले त्याच्याशिवाय आणखी एकाने पेटी डोळ्यांनी पाहायची, 'ठीक' म्हणायचे, मगच झाकण लावायचे.

साहेब जवळ येऊन उभे राहिले होते. साहेबांचा पुतण्या होता. ताई ऑफिसातून बाहेर आल्या होत्या. झाडणारे, पहारेकरी, शेजारच्या हँगरमधले दोघेतिघे मेकॅनिक, सगळे काम सोडून बघत होते. कॅप्टनचा मेहुणा, तोच त्यांचा को-पायलट, विमानाच्या पायऱ्यांचा कठडा धरून उभा होता.

"काय हो कॅप्टन," साहेबांनी विचारले, "तुम्ही पाहिली होती ना पेटी?"

कॅप्टनना आदली संध्याकाळ आठवली. त्यांच्या कानाला फोन होता. नानांनी पेटी उघडून पुढे धरली होती. ते 'ठीक' म्हणाले आणि पुढे गेले. खाचा भरलेल्या होत्या? एक रिकामी होती? काही केल्या आठवेना.

"मी पेटी बंद होताना पाहिली," ते म्हणाले. "आत काय होतं ते नानांनाच माहीत."

नानांनी त्यांच्याकडे पाहिले. एखाद्याच्या तोंडात मारावी आणि त्याने गालालाही हात लावू नये, तसे ते उभे राहिले.

"नाना, तुम्ही घरी जा," कॅप्टन म्हणाले. "हत्यार सापडेपर्यंत विमानाला हात लावू नका."

साहेबांचा दौरा रद्द झाला. जाताना ते एवढेच म्हणाले, "सोमवारपर्यंत शोधा. नाही सापडलं तर दुसरा इंजिनीअर बघा. कॉकपिटमध्ये स्क्रूड्रायव्हर विसरणारा माणूस मला नको."

कॉकपिटमध्ये हत्यार विसरला, असा शिक्का एकदा बसला की त्या इंजिनीअरला कुठल्याच हँगरात कोणी उभे करत नाही. नानांचे आयुष्य या कामात गेले होते. दुसरे काही त्यांना येत नव्हते.

शोध लगेच सुरू झाला. बाहेरून माणसे बोलावली. कॉकपिटची फरशी निघाली, खुर्च्या निघाल्या, गालिचा निघाला. आदल्या दिवशी नानांनी शेपटावरचा दिवाही बदलला होता, म्हणून तिथे शिडी लावली.

"चढ रे," कॅप्टननी मेहुण्याला हाक मारली. त्याने ऐकले नाही. पुन्हा जोरात हाक मारली तेव्हा तो वळला.

"मी शिडी धरतो ना सर," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला तरी चढू दे."

"ढगात फिरणारा माणूस, आणि शिडीला घाबरतो?" पहारेकरी हसला.

मेहुणाही हसला, पण चढला नाही. शेवटी कॅप्टन स्वतः चढले. वर धुळीशिवाय काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैमानिकांच्या खोलीत चहा आला. कॅप्टन टेबलाशी बसले. मेहुण्याची खुर्ची नेहमी त्यांच्या उजवीकडे असायची, कॉकपिटमध्ये असते तशीच. आज त्याने खुर्ची उचलली आणि वळसा घालून डावीकडे नेऊन ठेवली.

"तिकडे काय?"

"तिकडे ऊन येतंय, सर."

कामावर सर आणि घरी भावजी, हा त्याने पहिल्या दिवसापासून पाळलेला रिवाज. तो कॅप्टनच्या बायकोचा धाकटा भाऊ. ती गेल्या वर्षी गेली. खिडकीतले वेलाचे रोप तिनेच आणून ठेवलेले. ती गेल्यावर कॅप्टननी त्याला हात लावला नव्हता. भाऊच रोज पाणी घालायचा, अगदी सुट्टीच्या दिवशीही येऊन. आज पाने मलूल होऊन खाली लोंबत होती.

"बहिणीचं एक रोप," कॅप्टन मनात म्हणाले, "तेही याला सांभाळता येईना."

ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी कॅप्टन पुन्हा विमानात बसले होते. विभागात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कोणी सर्दीतापाचे कारण काढले की कॅप्टन फार बोलत नसत. "मी चौथ्या दिवशी खुर्चीत बसलो," एवढेच म्हणत. मग समोरच्याची सर्दी आपोआप जाई. भिंतीवर पाटी होती, 'शरीर किंवा मन ठीक नसेल तर उडू नका'. पाटी स्वच्छ होती, रोज पुसली जायची. तिचा दुसरा काही उपयोग झाल्याचे कोणाच्या पाहण्यात नव्हते.

शुक्रवारी बाहेरच्या माणसांनी हात झटकले. "विमानात नाही, कॅप्टन. कोपरा अन् कोपरा पाहिला. हवं तर लिहून देतो."

विमानात नाही, मग गेला कुठे? कॅप्टननी गाडी काढली आणि ते नानांच्या घरी गेले.

दार नानांच्या बायकोने उघडले.

"तुम्ही? या ना. निष्काळजी माणसाच्या घरात पाय ठेवता, सांभाळून हं. कुठं काही पडलेलं असेल, टोचेल."

"अगं, असू दे," आतून नाना म्हणाले.

"काय असू दे? जेवत नाही हा माणूस दोन दिवस. यांच्या पुढ्यात बोलू नको तर कोणाच्या पुढ्यात बोलू?" ती आत गेली आणि भांडी जोरात वाजू लागली.

कॅप्टन खुर्चीच्या कडेवर बसले.

"नाना, पेटीची चावी कुठे असते?"

"ऑफिसात, ताईंच्या पाठीमागे, खिळ्याला. तुम्हाला माहीत नाही होय?"

"म्हणजे कोणीही घेऊ शकतं."

"इतकी वर्षं कोणी घेतली नाही."

"त्या संध्याकाळी तुम्ही गेल्यावर हँगरात कोण होतं?"

"ताई होत्या. तुमचे मेहुणे होते, दुसऱ्या दिवसाची तयारी करत. साहेबांचा पुतण्या घुटमळत होता."

"फरशीखाली काय काम केलंत ते कोणाला सांगितलं होतं?"

"वैमानिकांना सांगावंच लागतं. तुम्हाला सांगितलं, तुम्ही फोनवर होता. तुमच्या मेहुण्यांना सांगितलं, त्यांनी वाकून बघितलंही. बाकी कोणाला त्यात काय रस?"

कॅप्टन उठले. नाना उठले नाहीत.

"मीही एक विचारतो, कॅप्टन. त्या संध्याकाळी तुम्ही खाच भरलेली पाहिलीत, की नाही?"

"आठवत नाही, नाना."

"मग सगळ्यांसमोर तसंच म्हणायचं होतं."

परतताना कॅप्टन एकाच गोष्टीचा विचार करत होते. पेटीत भारी हत्यारे होती. विकायचेच तर कोणीही टॉर्कचा पाना उचलला असता. बुटक्याला बाजारात कोण विचारतो? पण त्या सकाळी पेटीतली दुसरी कुठलीही वस्तू गेली असती, तर घटकाभर शोधून, विमानाच्या आसपास ती वापरलीच नव्हती असे ठरवून, विमान निघाले असते. बुटक्या गेला की विमान जागेवरून हलत नाही. ज्याने तो नेला त्याला बुटक्या नको होता. त्याला विमान उभे राहायला हवे होते.

आणि विमान उभे राहावे असे पुतण्याला वाटते, हे सगळे जाणून होते. तो साहेबांच्या मागे लागला होता, हे विमान विकून टाका म्हणून. कॅप्टन शनिवारी सकाळीच त्याच्या केबिनमध्ये गेले.

"त्या संध्याकाळी हँगरात कशाला आला होता?"

"काकांचं विमान आहे. यायला परवानगी लागते का?"

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? काकांच्याही आधी?"

पुतण्याने दार लोटून घेतले. "काकांना सांगणार नसाल तर सांगतो. फोटो काढत होतो. एक गिऱ्हाईक आहे."

"विमानाला?"

"विमानालाच. काका जिथे चालले होते ना, तिथेच तो येऊन बघणार होता. विमान उडताना, उतरताना. सगळं जुळवून आणलं होतं मी. तुमच्या त्या पान्यापायी सगळं ओमफस्स झालं. आता तो फोन उचलत नाही."

"कुठला पाना?"

"हरवला तो. पाना का हातोडी, काय असेल ते."

कॅप्टन बाहेर पडले. ज्याला त्या दिवशी विमान उडायलाच हवे होते, आणि काय हरवले तेही धड माहीत नव्हते, तो चोर नव्हे.

मग राहिले कोण? चावीची जागा माहीत असलेला. बुटक्या फरशीखाली वापरला हे माहीत असलेला. आणि ज्याला विमान त्या दिवशी नको होते. कॅप्टननी ते नाव मनात येऊ दिले नाही. आपला तो बाब्या.

ते ताईंपाशी जाऊन बसले. ताईंनी मान वर केली नाही.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, आता माझी पाळी वाटतं?"

"ताई, तुमच्या मागून चावी कोणी नेली?"

"मागून नेली म्हणता, आणि कोणी ते मला विचारता. पाठीला डोळे आहेत का मला?"

"बरं. आदल्या दिवशी वेगळं काही घडलं? कोणी काही विचारलं?"

ताईंनी पेन खाली ठेवले. "सांगू नका म्हणाले होते."

"कोण?"

"तुमचे मेहुणे. म्हणाले, उद्याच्या उड्डाणाला बाहेरून दुसरा को-पायलट मिळेल का, सहज विचारतोय. मी म्हटलं, कॅप्टनना विचारून सांगते. तर म्हणाले, नको नको, त्यांच्या कानावर घालू नका, गंमत केली. गंमत करणाऱ्याचं तोंड तसं नसतं, कॅप्टन. घाम आला होता त्यांना."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला?" ताई म्हणाल्या. "तुम्हाला कोण काय सांगतं?"

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "त्यांचा कान दुखतो का हो? मी बोलायला लागले की मान वळवतात. आणि मोटारसायकल घरी ठेवून हल्ली टॅक्सीने येतात."

कॅप्टन वैमानिकांच्या खोलीत गेले. खोली रिकामी होती. खिडकीतले रोप आता आणखी सुकले होते. ते कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

जो माणूस वर्षभर सुट्टीच्या दिवशीही या रोपासाठी आला, त्याने पाणी घालणे का थांबवावे? तेही नेमके याच आठवड्यात?

त्यांनी माती चाचपली. ती कोरडी ठणठणीत होती. बोट आत घातले. बोटाला फडके लागले. ओढून काढले. तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेला बुटक्या निघाला, लखलखीत, गंजाचा डाग नसलेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कॅप्टन तिथेच खाली बसले.

खरे तर तेव्हाच एक सोपी वाट होती. बुटक्या हत्यारांच्या कपाटाखाली सरकवायचा आणि सोमवारी 'सापडला' म्हणायचे. नाना परत येतील, मेहुणा वाचेल. त्यांनी बुटक्या खिशात घातला आणि हँगरात कपाटापर्यंत गेलेही. वाकले. मग त्यांच्या लक्षात आले, असा सापडला तर नाना कायमचे निष्काळजी ठरतील. कॉकपिटमध्ये नाही तर कपाटाखाली, पण हत्यार टाकून गेलेलेच. ते सरळ उभे राहिले. आपण इथवर आलो याचीच त्यांना लाज वाटली.

सोमवारी सकाळी त्यांनी वैमानिकांच्या खोलीत साहेब, पुतण्या, ताई आणि मेहुणा यांना बोलावले. नानांनाही निरोप धाडला होता. नाना आले नाहीत. 'माझ्यासमोर जे बोलायचं ते बोलून झालंय,' असा उलट निरोप आला.

कॅप्टननी बुटक्या टेबलावर ठेवला.

"सापडला!" साहेब म्हणाले. "कुठे?"

"या कुंडीत. विमानात तो कधी राहिलाच नव्हता. नाना त्या संध्याकाळी पेटी भरलेली ठेवून गेले. नंतर कोणीतरी ताईंच्या मागची चावी घेतली, बुटक्या काढला, चावी परत लटकवली."

"कोणी?" पुतण्या म्हणाला. "माझ्याकडे बघू नका हं."

"तुम्ही नव्हे. मी आधी नेण्याचं कारण शोधलं. हा विकायला नेला नाही. फरशीखाली याच हत्याराने काम झालं होतं, म्हणून याच्या जाण्यानेच विमान उभं राहणार होतं. हे नानांखेरीज दोनच माणसांना माहीत होतं. मला आणि को-पायलटला."

मेहुणा भिंतीला टेकून उभा होता. त्याने डोळे मिटले.

"दुसरं, लपवायची जागा. नानांचा सूड घ्यायचा असता तर हे हत्यार विमानात टाकलं असतं. मग तर नाना पुरते अडकले असते. पण विमान चालवणारा माणूस मेला तरी विमानात सुटं लोखंड टाकणार नाही. त्याने ते विमानापासून लांब ठेवलं, तेल लावून ठेवलं, गंजू नये म्हणून कुंडीत पाणी घालायचंही सोडलं. म्हणजे त्याला ते परत द्यायचं होतं."

"मग दिलं का नाही?" साहेब म्हणाले.

"द्यायला वाव राहिला नाही. एक दिवस विमान उभं राहील, दुसऱ्या दिवशी हत्यार कुठेतरी मिळेल, अशी त्याची कल्पना. पण मी तिथल्या तिथे सगळ्यांदेखत नानांना घरी पाठवलं. नंतर ते परत ठेवायचं म्हणजे सगळं कबूल करायचं."

"आणि विमान उभं कशाला करायचं होतं त्याला?"

"कारण तो उडू शकत नव्हता. शिडीवर चढला नाही, पायऱ्यांचा कठडा सोडला नाही, मोटारसायकल घरी ठेवली, टॅक्सीने आला. याला चक्कर येते. चहाला उजवीकडची खुर्ची सोडून डावीकडे बसला. मी याच्या डाव्या बाजूला असलो की याला माझं ऐकू येत नाही, आणि कॉकपिटमध्ये मी डावीकडेच असतो. याचा डावा कान गेलाय. आदल्या दिवशी याने ताईंकडे बदली माणूस मागितला होता. मला विचारते म्हटल्यावर माघार घेतली."

खोलीत सगळे मेहुण्याकडे वळले.

"खरं आहे?" साहेबांनी विचारले.

"खरं आहे," मेहुणा म्हणाला. "सर्दीत उडालो होतो. उतरताना कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं. तेव्हापासून मान वळवली की सगळं फिरतं. त्या दिवशी डोंगरातल्या धावपट्टीवर उतरायचं होतं. माझ्या हातून काही झालं असतं तर आत तुम्ही होता, साहेब."

"मग बोलायचं ना, बरं नाही म्हणून!" साहेब चिडले. "तेवढ्यासाठी त्या गरीब माणसाच्या पोटावर पाय आणलास?"

मेहुण्याने कॅप्टनकडे पाहिले. आज तो सर म्हणाला नाही.

"भावजी, अक्का गेली आणि तुम्ही चौथ्या दिवशी उडालात. ती माझी बहीण होती, मलाही तुमच्या शेजारी बसावं लागलं. त्यानंतर मी सर्दीचं कारण कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"तू मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. सर्दी झाली तेव्हाच. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला माहीत आहे." तो थांबला. मग हलकेच म्हणाला, "आणि चौथ्या दिवशी उतरताना तुम्ही चाकं खाली करायला विसरला होता. मी आठवण केली. त्याबद्दल तुम्ही पुन्हा कधी बोलला नाहीत. मीही नाही बोललो."

ताईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि पुन्हा सोडले. पुतण्या खाली बघत होता.

कॅप्टनचा चेहरा भाजल्यासारखा झाला होता. चोर पकडला, सगळे दुवे जुळले, आणि आता त्यांना टेबलाखाली जागा असती तर ते तिथे शिरले असते.

"खरं आहे," ते म्हणाले. "विसरलो होतो."

साहेबांनी बुटक्या उचलून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "एक राहिलं. त्या संध्याकाळी पेटीवर दुसरी नजर तुमची होती. तुम्ही म्हणालात, फक्त बंद होताना पाहिली."

"नाही. नानांनी उघडी पेटी माझ्यापुढे धरली होती. मी ठीक म्हणालो आणि निघून गेलो. पाहिलं असतं तर त्या सकाळी मी नानांच्या बाजूने उभा राहिलो असतो. पाहिलं नव्हतं, आणि ते कबूल करवलं नाही, म्हणून त्यांना खोटं पाडलं."

साहेब उठले. "नानांना आजच बोलवा," ते म्हणाले. "याला डॉक्टरकडे न्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत याने विमानात बसायचं नाही, आणि त्यानंतर बसवायचा की नाही ते मी ठरवीन. तुमचं काय करायचं, याचाही विचार करतो, कॅप्टन." आणि ते गेले.

कॅप्टन त्याच दुपारी नानांच्या घरी गेले. दाराशी ओळखीच्या चपला होत्या. मेहुणा त्यांच्या आधी येऊन पोचला होता. आत नानांसमोर मान खाली घालून बसला होता, आणि नानांची बायको त्याला दटावत होती. "रडतोस काय आता, घोड्यासारखा मोठा झालास तरी. कानाचं कोणाला दाखवलंस का? नाही ना? मूर्ख कुठला. चहा पी आधी."

कॅप्टन दारातच उभे राहिले. त्यांना कोणी बसा म्हणाले नाही.

"नाना, माझं चुकलं," ते म्हणाले. "मी पेटी पाहिली नव्हती. तुमच्यावर ढकललं."

"कळलं मला. यांनी सांगितलं सगळं."

"मला माफ करा."

नानांनी मान हलवली. "मी उद्या कामावर येतो. विमान बरेच दिवस उभं आहे, ब्रेक बघावे लागतील. तुमच्यावर माझा राग नाही, कॅप्टन. पण घरी येऊन सांगितलंत. मला खोटं पाडलंत ते हँगरात. शेजारचे लोक होते, झाडणारे होते. ते अजून मला बघून कुजबुजतात."

"उद्या सांगतो. सगळ्यांसमोर."

"बरं," नाना म्हणाले.

नाना दुसऱ्या दिवशी आले. मेहुण्याचा कान हळूहळू बरा होतो आहे. तो घरी आहे आणि चिडून का होईना, औषध घेतो. त्याच्या जागी बाहेरचा को-पायलट येतो. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "आज माझं डोकं दुखतंय, मी नाही उडणार." कॅप्टन 'बरं' म्हणाले, आणि त्या दिवशी विमान उडाले नाही.

रोज सकाळी सगळी माणसे हँगरात जमतात. कॅप्टन उभे राहून हवामान सांगतात, कोण प्रवासी, कुठे जायचे ते सांगतात. नाना मागे, चाकाजवळ उभे असतात. सांगून झाले की कॅप्टन क्षणभर थांबतात. सगळ्यांना वाटते, अजून काही सांगायचे असेल. मग ते "चला, कामाला लागा" म्हणतात आणि माणसे पांगतात.

नानांनी पेटी भरलेली ठेवली होती, आणि कॅप्टननी ती पाहिली नव्हती, हे हँगरात सगळ्यांसमोर सांगायचे अजून राहिले आहे.